यादीत नसलेल्या बायका : एक बुरशी, एक व्याख्या आणि १९९३ साल

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. मधले "अं..." आणि मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढून टाकल्यात. बाकी सगळं जसंच्या तसं.)



आजचा भाग लोकलमध्ये किंवा बसमध्ये स्पीकरवर ऐकत असाल तर आधी हेडफोन लावा. विषय घाण आहे म्हणून नाही सांगत. योनी हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे लोक ऐकणं बंद करतात आणि बघायला लागतात, म्हणून सांगतोय.

तर गोष्ट सुरू होते ५ जून १९८१ ला, अमेरिकेत. तिथे सीडीसी नावाची सरकारी संस्था आहे, रोगनियंत्रण केंद्र. कोविडमध्ये हे नाव तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. ही संस्था दर आठवड्याला कुठे कोणता आजार दिसतोय याचा एक अहवाल काढते. त्या दिवशीच्या अंकात एक छोटीशी नोंद होती. लॉस एंजेलिसमध्ये पाच तरुण, सगळे समलिंगी पुरुष, एका दुर्मीळ न्यूमोनियाने आजारी पडलेत आणि त्यातले दोघे गेलेत. एड्सच्या इतिहासाचं पहिलं पान म्हणून आज जगभर याच नोंदीकडे बोट दाखवतात.

पण त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट लिहिलेली होती. पाचही जणांच्या अंगातल्या ओल्या त्वचेवर, म्हणजे तोंड-घसा अशा ठिकाणी, कॅन्डिडा नावाची बुरशी सापडली होती. पाचपैकी पाच.

म्हणजे एड्स हे नाव ठेवलं जाण्याच्या आधीपासून ही बुरशी गोष्टीत आहे. आणि तरीही पुढची अनेक वर्षं, हीच बुरशी बायकांच्या शरीरात वेगळ्या जागी पुन्हा पुन्हा येत होती तेव्हा तिची गंभीर नोंद जवळजवळ कुणीच घेत नव्हतं. असं का झालं आणि त्याची किंमत कोणी मोजली, ती आजची गोष्ट.

आधी बुरशीची ओळख

कॅन्डिडा हे एक यीस्ट आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टचा लांबचा नातेवाईक म्हणा. तिची सगळ्यात जास्त दिसणारी जात म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स. गंमत बघा, लॅटिनमध्ये या दोन्ही शब्दांचा संबंध पांढऱ्या रंगाशी आहे. म्हणजे नाव झालं जवळपास 'पांढरी पांढरी'. आणि आपल्याकडच्या बायका याच तक्रारीला काय म्हणतात? "अंगावरून पांढरं जातंय."

इथे थोडं थांबू. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दर वेळी आजार नसतो. पाळीच्या चक्रात थोडा स्राव होणं हे नॉर्मल आहे. कॅन्डिडाचा संसर्ग झाला की स्राव दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट होतो, भयंकर खाज सुटते, लघवीला जळजळ होते, संबंधांच्या वेळी दुखतं. हे अतिशय कॉमन आहे. साधारण चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, असं वैद्यकातले लोक सांगतात.

ही बुरशी बाहेरून हल्ला करायला येते असंही नाही. अनेकींच्या शरीरात ती मुळातच थोड्या प्रमाणात राहत असते. तिला आवरून धरतात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू, आपल्या दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथलं वातावरण आंबट ठेवतात. दुसरा पहारा असतो शरीराच्या प्रतिकारशक्तीचा. अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला की चांगले जिवाणू मरतात. मधुमेह असला, गरोदरपण असलं, तरी समतोल बिघडतो आणि बुरशीचं फावतं.

आता इथे एक वाक्य ठळक करून ठेवा. यीस्ट इन्फेक्शन झालं म्हणजे एचआयव्ही आहे, असं अजिबात नाही. ज्यांना हा त्रास होतो त्यातल्या बहुसंख्य बायकांचा एचआयव्हीशी काडीचाही संबंध नसतो. गूगल करून रात्रभर जागत बसू नका.

मग संबंध कुठे येतो? एचआयव्हीचा विषाणू सीडी-४ नावाच्या पेशींना मारतो. या पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुकादम. कोणी कुठे कामाला लागायचं हे त्या ठरवतात. निरोगी माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरमागे त्या साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार नसतील तर वर्षानुवर्षं हा आकडा खाली येत जातो. मुकादमच नाहीत म्हटल्यावर बुरशीला आवरणार कोण? ती वारंवार येते, औषधाला दाद देत नाही, महिनोन् महिने मुक्काम ठोकते.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी डॉक्टरांनी 'जामा' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात नेमकं हेच लिहिलं. एचआयव्ही असलेल्या काही बायकांमध्ये हट्टी, न जाणारा योनीचा कॅन्डिडा संसर्ग दिसतोय, तेव्हा इकडे लक्ष द्या. पुढे ऱ्होड आयलंडमधल्या डॉक्टरांना एक क्रमही दिसला. अनेक बायकांमध्ये बुरशी आधी योनीत दिसते, प्रतिकारशक्ती आणखी ढासळली की तोंडात आणि खूपच खालावली की अन्ननलिकेत.

हा क्रम लक्षात ठेवा. योनी, तोंड, अन्ननलिका. पुढची सगळी भानगड याच क्रमात आहे.

एक यादी, आणि तिच्यावर उभं राहिलेलं सगळं

सप्टेंबर १९८२ मध्ये सीडीसीने पहिल्यांदा एड्स हा शब्द वापरला आणि त्याची व्याख्या केली. तेव्हा विषाणू सापडलेला नव्हता, टेस्ट नव्हती. मग एड्स ओळखायचा कसा? तर एक यादी केली. धडधाकट माणसाला सहसा न होणारे आजार. यातला एखादा आजार दिसला आणि प्रतिकारशक्ती कमी व्हायला दुसरं कारण नसलं, तर तो एड्स. १९८७ मध्ये ही यादी वाढवली. तिच्यात कॅन्डिडा होतीच. पण कुठली? अन्ननलिकेतली, श्वासनलिकेतली, फुप्फुसातली. तोंडातली बुरशी यादीत नव्हती, तरी तिला धोक्याची घंटा मानायचं हे डॉक्टरांना माहीत झालं होतं. योनीतली? ती ना यादीत, ना घंटेत.

कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. तुम्ही एक फॉर्म बनवता. त्यातल्या ड्रॉपडाउनमध्ये कोणते पर्याय ठेवायचे हे तुमच्याकडच्या पहिल्या काही युजर्सवरून ठरवता. ते सगळे पुरुष. मग फॉर्म लाइव्ह होतो, बायका येतात, त्यांचा पर्याय ड्रॉपडाउनमध्ये नाही. त्या 'इतर'मध्ये जातात. वर्षाच्या शेवटी तुम्ही रिपोर्ट काढता आणि म्हणता, "बघा, डेटामध्ये बायका फारशा नाहीतच!" अरे, तूच तर त्यांना जागा ठेवली नाहीस.

बायका नव्हत्या असं नाहीच. जानेवारी १९८३ मध्ये सीडीसीच्याच अहवालात एड्स झालेल्या पुरुषांच्या जोडीदार बायकांच्या नोंदी आहेत. पण संशोधनाचं दारही अर्धं बंद होतं. गर्भधारणा होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घ्यायचं नाही, अशी मार्गदर्शक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये काढली होती. ती थेट १९९३ पर्यंत चालली. एड्सच्या चर्चेत बाई यायची ती बाळाला संसर्ग देणारी आई म्हणून, नाहीतर पुरुषाला संसर्ग देणारी म्हणून. तिला स्वतःला काय होतंय, हा प्रश्न यादीत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, यादीत नाव नसलं तर काय एवढं बिघडलं? डॉक्टर औषध देतीलच की.

बिघडलं, कारण ही यादी केली होती रुग्ण मोजायला, पण बाकीच्यांनी ती उचलून भलत्याच कामाला लावली. अमेरिकेत आजारपणामुळे काम करता येत नसेल तर सोशल सिक्युरिटी खात्याकडून दरमहा पैसे मिळतात. तुम्ही एकदम गरीब असाल तर त्याच्याच जोडीने सरकारी आरोग्य विमा मिळतो. या खात्याने सोपा नियम लावला होता : सीडीसीच्या यादीप्रमाणे एड्स असेल तर अर्ज पटकन मंजूर. नसेल तर सिद्ध करा की तुम्ही खरोखर आजारी आहात.

मग व्हायचं काय? एखाद्या बाईला एचआयव्ही आहे. वारंवार योनीचा बुरशीसंसर्ग होतोय, ओटीपोटात सूज येतेय, जिवाणूंचा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतोय, वजन उतरलंय, उठवत नाहीये. पण यादीतला एकही आजार नाही. कागदावर तिला एड्स नाही, मग पैसे नाहीत, मग घरभाडं नाही. आणि तिच्याच इमारतीतल्या पुरुषाला यादीतला आजार असेल तर त्याची मंजुरी हातात.

वकीण, कैदी आणि मोर्चा

न्यूयॉर्कमध्ये टेरी मॅकगव्हर्न नावाची एक तरुण वकील गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत काम करत होती. तिच्याकडे अशा बायका एकामागून एक यायला लागल्या. बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, बहुतेक गरीब. फाईल्स वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की नकारामागे पॅटर्न आहे. १ ऑक्टोबर १९९० ला तिने या लोकांच्या वतीने केंद्र सरकारच्या आरोग्यमंत्र्यांवर खटला भरला. मुद्दा साधा होता : तुमची यादी पुरुषांचे आजार बघून केलेली आहे, ती वापरून तुम्ही बायकांना नाकारताय, आणि हा भेदभाव आहे.

दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, वॉशिंग्टनमध्ये आरोग्य खात्याच्या इमारतीसमोर मोर्चा निघाला. 'अ‍ॅक्ट अप' या आंदोलनातले लोक त्यात पुढे होते. त्या काळातली त्यांची एक घोषणा आजही अंगावर येते. मराठीत सांगायचं तर : बायकांना एड्स होत नाही, त्या फक्त त्याने मरतात.

त्या मोर्चात कॅट्रिना हॅस्लिप होती. माझ्यासाठी या गोष्टीची नायिका हीच. कॅट्रिना कृष्णवर्णीय, मुस्लिम, न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्स या बायकांच्या तुरुंगात शिक्षा भोगलेली. तिथल्या कायद्याच्या लायब्ररीत काम करता करता ती कायदा शिकली आणि इतर कैदी बायकांचे अर्ज-अपील लिहून द्यायला लागली. तुरुंगात एचआयव्ही असलेल्या अनेकजणी होत्या. भीती इतकी की त्यांच्या ताटाला कोणी हात लावेना. तेव्हा तिथल्या कैदी बायकांनी एकत्र येऊन 'एस' नावाचा गट काढला. आपणच आपल्याला माहिती द्यायची, आजारी मैत्रिणीची सेवा आपणच करायची. तो गट उभा करणाऱ्यांमध्ये कॅट्रिना होती आणि तिला स्वतःलाही एचआयव्ही होता.

सप्टेंबर १९९० मध्ये ती सुटली, पण पॅरोलवर. परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही अशी अट. महिनाभरात ती वॉशिंग्टनच्या मोर्चात होती. सापडली असती तर पुन्हा आत. तरी गेली.

डिसेंबर १९९० मध्ये मोर्चा थेट सीडीसीच्या दारात गेला, अटलांटाला. पुढची दोन वर्षं पत्रं, बैठका, सुनावण्या चालूच राहिल्या. मागणी एकच : बायकांना होणारे आजार यादीत घ्या.

सीडीसीचं म्हणणं काय होतं?

इथे एका बाजूची बाजू घेऊन पुढे जाणं सोपं आहे. पण दुसरी बाजूही नीट ऐकू, कारण तिच्यात दम होता.

सीडीसीचे शास्त्रज्ञ म्हणत होते की योनीचा बुरशीसंसर्ग एचआयव्ही नसलेल्या लाखो बायकांना होतो. जो आजार सगळीकडेच दिसतो त्याला एड्सची खूण कसं म्हणायचं? खूण अशी हवी की ती दिसली की शंका उरू नये. शिवाय पक्का अभ्यास कुठाय? जे होते ते थोड्या रुग्णांवरचे, बऱ्याचदा तुलनेसाठी एचआयव्ही नसलेल्या बायकांचा गट न घेता केलेले.

बायका म्हणत होत्या, अभ्यास नाही कारण तुम्ही केलाच नाही. आणि सरसकट कुठलंही यीस्ट इन्फेक्शन यादीत घाला असं आम्ही म्हणतच नाही. जिचा एचआयव्ही टेस्टने सिद्ध झालाय आणि जिला हा संसर्ग वारंवार, हट्टाने, औषधाला न जुमानता होतोय, तिच्याबद्दल बोलतोय आम्ही.

हे बारीक आहे, पण मोलाचं आहे. १९८२ मध्ये टेस्ट नव्हती, तेव्हा 'फक्त एड्समध्येच दिसणारी' खूण शोधणं भाग होतं. १९८५ पासून रक्ताची टेस्ट उपलब्ध होती. विषाणू आहे हे माहीत असताना खुणेने तो वेगळा सिद्ध करायची गरज उरली नव्हती. आता प्रश्न 'हिला एचआयव्ही आहे का' हा नव्हताच, 'ही किती आजारी आहे' हा होता. प्रश्न बदलला आणि फॉर्म जुनाच राहिला.

१ जानेवारी १९९३

१९९१ मध्ये सीडीसीने प्रस्ताव मांडला : एचआयव्ही असलेल्या कुणाचाही सीडी-४ चा आकडा २०० च्या खाली गेला की तो एड्स धरायचा. आंदोलकांचं म्हणणं, हे चांगलंय पण पुरेसं नाही, कारण ही टेस्ट महाग आहे आणि गरीब बाईची ती वेळेवर होतेच असं नाही. शेवटी १९९२ च्या शरद ऋतूत सीडीसी आणखी तीन आजार घ्यायला तयार झाली : फुप्फुसाचा टीबी, वारंवार होणारा न्यूमोनिया आणि गर्भाशयमुखाचा पसरलेला कॅन्सर. नवी व्याख्या १ जानेवारी १९९३ ला लागू झाली. एड्सच्या यादीत पहिल्यांदाच असा आजार आला जो फक्त बाईच्या शरीरात होऊ शकतो.

आणि आपली बुरशी? ती एड्सच्या यादीत आलीच नाही. पण नव्या वर्गीकरणात 'ब' गट होता. अजून एड्स नाही, पण एचआयव्हीमुळे तब्येत ढासळू लागली आहे, असा. त्यात स्पष्ट लिहिलं गेलं : योनीचा कॅन्डिडा संसर्ग, जर तो टिकून राहणारा, वारंवार येणारा किंवा औषधाला दाद न देणारा असेल तर. तोंडातली बुरशीही याच गटात बसली. म्हणजे तोंड आणि योनी शेवटी एका ओळीत आले. त्याच वर्षी सोशल सिक्युरिटी खात्यानेही आपले नियम बदलले आणि एचआयव्हीमुळे येणाऱ्या अपंगत्वाच्या निकषांत योनीच्या गंभीर बुरशीसंसर्गाचा उल्लेख आला.

परिणाम आकड्यात बघा. १९९३ मध्ये अमेरिकेत एड्सचे सुमारे १,०३,५०० रुग्ण नोंदले गेले, आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. बायकांमधली वाढ पुरुषांपेक्षा मोठी होती. एका रात्रीत आजार वाढला नव्हता. माणसं आधीपासून आजारीच होती, आता ती मोजली गेली.

कॅट्रिना हॅस्लिपने हे पाहिलं नाही. २ डिसेंबर १९९२ ला ती गेली. वय ३३. नवी व्याख्या लागू व्हायला एक महिना बाकी होता.

मग कोण बरोबर निघालं?

१९९३ नंतर बायकांवरचे मोठे अभ्यास सुरू झाले. एचआयव्ही असलेल्या बायका आणि तशाच परिस्थितीत राहणाऱ्या पण एचआयव्ही नसलेल्या बायका, दोन्ही गट वर्षानुवर्षं तपासले गेले. उत्तर मधलं निघालं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये हा संसर्ग जास्त दिसतो आणि सीडी-४ जसा खाली जातो तसा वाढतो, हे खरं. पण नुसत्या वारंवार संसर्गावरून एचआयव्ही आहे असं म्हणता येत नाही, हेही खरं. आज सीडीसीचीच उपचार-मार्गदर्शिका तसं सांगते.

म्हणजे 'ही पक्की खूण नाही' असं शास्त्रज्ञ म्हणाले ते बरोबरच होतं. चूक ही, की तेवढं म्हणून ते थांबले. "बायकांमध्ये कॉमन आहे" हे वाक्य तपासाची सुरुवात असायला हवं होतं, ते तपास बंद करण्याचं कारण बनलं.

हीच यादी पुढे औषधाच्या बाबतीत आडवी आली. फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी १९९० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. गुणकारी, पण पेटंटमुळे महाग. २००० साली दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तोफर मोराका नावाचा एड्स कार्यकर्ता बुरशीच्या गंभीर संसर्गाने त्रस्त होऊन मरण पावला. औषध जगात होतं, त्याच्या खिशाला परवडत नव्हतं. त्याच्या सहकाऱ्यांनी, झॅकी अख्मत यांच्या पुढाकाराने, थायलंडमधून स्वस्त जेनेरिक गोळ्या पेटंट धुडकावून उघडपणे देशात आणल्या आणि मोहिमेला मोराकाचंच नाव दिलं. दबाव वाढला तेव्हा मूळ कंपनीने सरकारी दवाखान्यांना औषध फुकट द्यायचं कबूल केलं, पण दोनच आजारांसाठी : मेंदूच्या आवरणाचा एक बुरशीसंसर्ग आणि अन्ननलिकेतला कॅन्डिडा. दोन्ही गंभीर, त्यामुळे आधी त्यांना औषध देणं समजू शकतं. पण बघा, योनी पुन्हा यादीबाहेर.

आणि आपल्याकडे?

भारतातला पहिला एचआयव्ही १९८६ मध्ये मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईत, सापडला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला सेल्लप्पन हिने रक्ताचे नमुने गोळा केले होते, लैंगिक काम करणाऱ्या बायकांचे. म्हणजे आपल्याकडची पहिली नोंदच बायकांची. पण त्यामुळे दुसरी यादी तयार झाली, लोकांच्या डोक्यातली : हा आजार 'तसल्या' बायकांचा, घरच्या बाईला थोडाच होणार?

ती यादी मोडली पुण्याने. कोविडच्या सुरुवातीला टीव्हीवर रोज दिसणारे आयसीएमआरचे डॉ. रमण गंगाखेडकर आठवतात? १९९३ ते १९९६ या काळात ते आणि त्यांचे सहकारी पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास करत होते. डिसेंबर १९९७ मध्ये तो 'जामा'त छापून आला. लैंगिक काम न करणाऱ्या ३९१ बायकांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. बहुतेकींना आयुष्यात एकच जोडीदार होता, नवरा. गळ्यात मंगळसूत्र म्हणजे धोका नाही, हा समज आकड्यांनी खोडला.

आज आपल्या सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये अशा तक्रारींसाठी रंगांचे किट असतात. अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर मिळतो तो हिरवा किट, नंबर २. त्यात असते तीच फ्लुकोनॅझोल, १५० मिलिग्रॅम, जिच्यासाठी आफ्रिकेत लोकांना कायदा मोडावा लागला, आणि सोबत दुसऱ्या एका संसर्गावरचं औषध. औषध फुकट, शिवाय समुपदेशन.

तर आता कामाचं. हा त्रास एचआयव्ही असलेल्या बाईला झाला तरी उपचार मुळात तेच असतात, जे इतर कुणालाही : क्लोट्रिमाझोलसारखं तिथे लावायचं औषध किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी. खरा फरक पडतो तो एआरटीने, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांनी. सीडी-४ वर आला की बुरशी आपोआप आवरते. आपल्याकडे एआरटी १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर मोफत आहे. गरोदर असाल तर फ्लुकोनॅझोलची गोळी मनाने घेऊ नका, तेव्हा लावायचंच औषध देतात. आणि वर्षात तीन-चार वेळा हा त्रास होत असेल तर मेडिकलवाल्याकडून दर वेळी तीच गोळी आणणं थांबवून डॉक्टरांकडे जा. साखर तपासतील, कुठली बुरशी आहे ते बघतील, गरज वाटली तर एचआयव्ही टेस्टबद्दल विचारतील. विचारतीलच, कारण तुमच्या संमतीशिवाय ती टेस्ट करायची नाही असा २०१७ चा कायदा आहे. काही शंका असेल तर १०९७ हा सरकारी हेल्पलाइन नंबर फुकट आहे.

मुलग्यांनो, तुम्ही इथपर्यंत ऐकलंत त्याबद्दल थँक्यू. घरात आई, बहीण, बायको "काही नाही गं, बायकांचं असतंच" असं कुजबुजताना ऐकलंत तर कॅट्रिना आठवा. "असतंच" म्हणून सोडून दिलेल्या तक्रारीसाठी ती पॅरोल मोडून मोर्चाला गेली होती. दवाखान्यात सोबत जायला तुम्हाला तेवढंही करावं लागणार नाही. गाडी काढा, बाहेरच्या बाकावर बसा, आणि डॉक्टरांनी जोडीदारालाही आत बोलावलं तर मुकाट जा.

हा भाग ज्याला-जिला पाठवावासा वाटतो त्यांना पाठवा. फॅमिली ग्रुपवर टाकायची हिंमत असेल तर तिथेही. प्रश्न असतील तर लिहून पाठवा, नाव गुप्त राहील. भेटू पुढच्या रविवारी. तोवर काळजी घ्या!